थांबून थांबून चालणारी नाडी

मागचे दोन महिने इथे काही लिहिलं नाही. बऱ्याच जणांनी विचारलं, प्रबंध संपला का म्हणून. प्रबंध कसला संपतोय! मी गावी होते, भंडारा जिल्ह्यात, साकोलीच्या अलीकडे. आणि रात्री-बेरात्री बाबांच्या मनगटावर बोटं ठेवून बसत होते.

बाबा निवृत्त शिक्षक. वय ६७. साखर नाही, बीपी थोडंसं, गोळी चालू. धानाची मळणी आटोपली आणि एका रात्री ते उठून अंगणात जाऊन बसले. आईने विचारलं, "काहून उठले जी?" तर म्हणाले, छातीत मासोळी फडफडल्यासारखं होते, मंग सगळं थांबते, मंग एकदम धाडकन ठोका. मी पोचले तेव्हा त्यांची सवय ठरून गेली होती. डाव्या हाताची बोटं उजव्या मनगटावर, डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे. "पाय ना बेटा, थांबते. थांबून थांबून चालते."

तालुक्याच्या ठिकाणी एका दवाखान्यात ईसीजी काढला. तो नॉर्मल आला, कारण फडफड तोवर थांबली होती. डॉक्टर म्हणाले, काही नाही, टेन्शन घेऊ नका. आता हे वाक्य तुम्हीही कधी ना कधी ऐकलं असेल, आणि ते ऐकून टेन्शन गेल्याचं एकही उदाहरण मला माहीत नाही. बाबांचं तर वाढलं. त्यांच्या डोक्यात दुसरंच वाक्य बसलं होतं. आजोबा आजारी होते तेव्हा गावातल्या म्हाताऱ्या वैद्यांनी त्यांची नाडी पाहून बाहेर ओसरीत सांगितलं होतं, की थांबून थांबून चालणारी नाडी बरी नव्हे. आजोबा त्याच आठवड्यात गेले. बाबा तेव्हा चौदा वर्षांचे होते.

मी वैद्यकाच्या इतिहासात पीएचडी करते, हे तुम्हाला माहीत आहे. माझा विषय वेगळा आहे, पण हे वाक्य कुठून आलं ते शोधल्याशिवाय मला राहवेना. आजची पोस्ट त्या शोधाची.

वैद्यबुवांनी ते मनाने सांगितलं नव्हतं. आयुर्वेदाच्या फार जुन्या ग्रंथांत, म्हणजे चरकात किंवा सुश्रुतात, मनगटाच्या नाडीवरून रोग ओळखायची पद्धत नाही. ती पहिल्यांदा नीट मांडलेली दिसते ती शार्ङ्गधरसंहितेत, साधारण तेराव्या-चौदाव्या शतकात. पूर्वखंडाचा तिसरा अध्याय. अंगठ्याच्या मुळाशी जी धमनी आहे तिला शार्ङ्गधर जिवाची साक्षीदार म्हणतो. वाताची नाडी जळू-सापासारखी, पित्ताची कावळ्या-बेडकासारखी, कफाची हंस-कबुतरासारखी, ही वर्णनं शाळेतल्या मुलांनाही कुठूनतरी ऐकून माहीत असतात. त्याच ठिकाणी तो दोन गोष्टी सांगतो ज्या आपल्या कामाच्या आहेत. एक, काम आणि क्रोधाने नाडी वेगात धावते, आणि चिंता व भयाने ती क्षीण होते. दुसरी, जी नाडी थांबत थांबत चालते ती प्राण घेणारी. पुढे योगरत्नाकरासारख्या, महाराष्ट्रातल्या वैद्यांच्या हातात कायम असलेल्या ग्रंथातही नाडीपरीक्षा पहिल्याच भागात येते. तिथून ती ओसरीवर आली, आणि ओसरीवरून बाबांच्या डोक्यात.

पहिली गोष्ट किती मोलाची आहे बघा. मनाचा परिणाम नाडीवर होतो हे सातशे वर्षांपूर्वी कुणीतरी बोटांनी टिपलं होतं. पण या दोन गोष्टी ग्रंथात शेजारी शेजारी असूनही एकमेकींना भेटत नाहीत. ज्या माणसाला स्वतःच्या नाडीत खंड लागला आणि जो त्यामुळेच भ्यायला, त्याचं काय करायचं, हे तिथे सांगितलेलं नाही. वैद्य रोग्याची नाडी पाहतो असं तो ग्रंथ धरून चालतो. रोगी रात्री पावणेतीनला स्वतःच स्वतःची पाहत बसेल, ही कल्पना त्यात नाही.

शार्ङ्गधराला मी चूक ठरवत नाही, कारण थांबून चालणारी एक नाडी खरंच प्राण घेते. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून निघालेला विजेचा संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत पोचतच नाही, ठोके तीस-पस्तीसवर येतात, मध्येच काही सेकंद काहीच होत नाही, माणूस बेशुद्ध पडतो. आयर्लंडमधल्या डब्लिनच्या रॉबर्ट ॲडम्सने १८२७ साली आणि विल्यम स्टोक्सने १८४६ साली असे रोगी वर्णन केले. त्यावर १९५८ पर्यंत जवळपास काहीच इलाज नव्हता. त्या वर्षी ८ ऑक्टोबरला स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन नावाच्या माणसाच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला गेला. तो पेसमेकर काही तासच टिकला, पण लार्सन पुढे बरेच पेसमेकर बदलत २००१ पर्यंत जगले. म्हणजे आपल्या जुन्या वैद्यांनी अशी माणसं पाहिली असणार, आणि ती दगावताना पाहिली असणार. आजोबांचं काय झालं होतं ते आता कुणाला कळणार नाही, पण वैद्यबुवांचं भाकीत खरं ठरलं त्यात नवल नाही.

अडचण अशी, की बोटाला दोन्ही खंड सारखेच लागतात. ज्याने जीव जातो तोही, आणि ज्याने काहीच होत नाही तोही.

हा दुसरा खंड समजून घ्यायला आपल्या गावची हापशी डोळ्यापुढे आणा. दांडा पूर्ण वर गेला, पाणी भरलं, मग खाली दाबला, की भसकन धार येते. कुणी घाईने अर्धवटच दाबला तर चुळूकभर पाणी येतं. आणि त्यानंतर जरा थांबून दाबला तर नेहमीपेक्षा मोठी धार. हृदयात एखादा ठोका वेळेआधी पडतो तेव्हा हेच होतं. कप्पा भरलेलाच नसतो, त्यामुळे तो ठोका मनगटापर्यंत पोचत नाही. बोटाला वाटतं, नाडी थांबली. खरं तर ठोका पडलेला असतो, फक्त लवकर पडलेला असतो. मग हृदय जरा विसावा घेतं, तोवर जास्त रक्त भरतं, आणि पुढचा ठोका धाडकन बसतो. बाबांनी आईला जे सांगितलं, फडफड, थांबणं, धाडकन, ते या क्रमाचं इतकं अचूक वर्णन आहे की मी ते पुस्तकातल्या आकृतीखाली लिहू शकले असते. यालाच एक्टोपिक ठोके म्हणतात. आणि आपण 'काळजाचा ठोका चुकला' म्हणतो ना, तेही हेच. (जाता जाता: मटणाच्या दुकानात कलेजी मागितली तर यकृत मिळतं, आणि काळजात धस्स झालं म्हणताना आपला हात छातीवर जातो. भाषेने हा अवयव कधी आणि कसा हलवला यावर वेगळी पोस्ट लिहावी लागेल.)

दोन खंडांमधला हा फरक उलगडायला जे लोक खपले, त्यांत मला सगळ्यात जवळचा वाटतो तो जेम्स मॅकेन्झी. हा कुठल्या मोठ्या विद्यापीठातला प्राध्यापक नव्हता. १८७९ पासून इंग्लंडमधल्या बर्नली या सूतगिरण्यांच्या गावात साधी डॉक्टरकी करत होता. त्याच्या देखरेखीखाली एक तरुण बाई बाळंतपणात हृदय बंद पडून गेली, आणि त्याला बोचणी लागली, की हिच्या हृदयात धोका आहे हे मला आधी कळायला नको होतं का? त्याने जवळच्या पॅडिहॅम गावच्या एका घड्याळजीकडून एक यंत्र बनवून घेतलं. मनगटाची नाडी आणि मानेतल्या शिरेची हालचाल एकाच वेळी कागदावर उमटवणारं, पॉलिग्राफ. मानेतली शीर वरच्या कप्प्याचं काय चाललंय ते सांगते आणि मनगट खालच्या कप्प्याचं. त्यामुळे मनगटावर खंड पडला तेव्हा आत नेमकं काय झालं ते पहिल्यांदा दिसू लागलं.

पण यंत्रापेक्षा त्याची दुसरी युक्ती मोठी होती, आणि तिला काहीच खर्च नव्हता. तो त्याच गावात राहिला. ज्या माणसाची नाडी आज चुकते, तो पाच वर्षांनी कसा आहे, दहा वर्षांनी कसा आहे, हे त्याला रस्त्यात भेटूनच कळायचं. मोठ्या शहरातल्या इस्पितळात रोगी येतो, तपासला जातो आणि निघून जातो, पुढचं डॉक्टरला कळत नाही. मॅकेन्झीला कळलं, की मुलांची नाडी श्वासाबरोबर कमी-जास्त होते, त्यात काहीही रोग नाही. आणि ज्यांच्या हृदयात दुसरा बिघाड नाही, अशांचे लवकर पडणारे ठोके त्यांना मारत नाहीत. १९०२ साली त्याने नाडीच्या अभ्यासावरचं पुस्तक काढलं. तिसरा प्रकारही त्याने पाहिला, ज्यात नाडीला काही तालच उरत नाही आणि मानेतली वरच्या कप्प्याची लाट नाहीशी होते. तेच एट्रियल फिब्रिलेशन, हे १९०९ च्या सुमारास ईसीजीने पक्कं झालं. तो प्रकार मात्र निरुपद्रवी नाही, त्याच्याकडे परत येते.

मॅकेन्झीचा राग कशावर होता माहितीये? नाडीत खंड सापडला म्हणून लोकांना जन्माचं आजारी करून टाकणाऱ्या डॉक्टरांवर. जिना चढू नका, खेळू नका, काम सोडा. त्याच्या मते अशा माणसांना हृदयाने नाही, डॉक्टरच्या तोंडून निघालेल्या शब्दांनी पंगू केलं होतं. ते वाचताना मला ओसरी आठवली.

भीतीमुळे हृदय कसं वागतं, याचा अभ्यास तोवर वेगळ्याच ठिकाणाहून सुरू झाला होता: युद्धातून. अमेरिकेच्या यादवी युद्धात फिलाडेल्फियाच्या एका लष्करी इस्पितळात जेकब दा कोस्टा याच्याकडे धडधड, छातीत कळ, दम लागणे अशा तक्रारींचे सैनिक येत राहिले, ज्यांच्या हृदयात तपासून काहीच सापडत नव्हतं. ३०० जणांच्या निरीक्षणावरून त्याने १८७१ साली लेख लिहिला आणि त्याला चिडकं हृदय असं नाव दिलं. पहिल्या महायुद्धात असे सैनिक हजारोंनी आले. ब्रिटिशांनी लंडनच्या हॅम्पस्टेडला खास इस्पितळ उघडलं, तिथे मॅकेन्झीही सल्लागार होता, आणि रोजचं काम पाहत होता थॉमस लुईस. तोवरचा रिवाज होता पूर्ण विश्रांतीचा. महिनोन्‌महिने खाटेवर. लुईसच्या लक्षात आलं, की खाटेवरचा माणूस आणखी खचतो, कारण त्याला ऐकायला स्वतःच्या छातीशिवाय काही उरत नाही. त्याने मोजून-मापून कवायत लावली, आज इतकी, उद्या थोडी जास्त. त्यातून कोण पुन्हा कामावर जाऊ शकतो तेही कळायचं, आणि माणसाला स्वतःलाही पुरावा मिळायचा, की मी पळालो आणि मेलो नाही.

खाटेवर पडून छाती ऐकणं. आमच्या घरी तेच चाललं होतं. बाबांनी शेतावर जाणं बंद केलं होतं.

आता जरा भंडाऱ्याकडे वळते, कारण या गोष्टीत एक धागा आपल्या बाजूचा आहे. आपला जिल्हा तलावांचा. कोहळी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले तलाव, धानाच्या बांध्यांत साचलेलं पाणी, बाजूला जंगल. आणि पाणी-जंगल म्हणजे हिवताप. जुन्या माणसांना क्विनाईनची कडू चव अजून आठवते. इंग्रजांच्या काळात ते पोस्टातून स्वस्त पुड्यांत विकलं जायचं. बंगालमध्ये १८९२ पासून ही सोय झाली आणि मग इतर प्रांतांत पसरली.

तर १९१२ साली कार्ल फ्रेडरिक वेंकेबाख या डच हृदयतज्ज्ञाकडे एक व्यापारी आला. नाडी बेताल. वेंकेबाखने विचारलं, तुम्हाला फार त्रास नाही, मग आलात कशाला? तो म्हणाला, मी व्यापारी माणूस, मला व्यवहारात शिस्त लागते, हृदयातही हवी. डॉक्टरने हात वर केले, हे थांबवायचं औषध माझ्याकडे नाही. तेव्हा व्यापारी म्हणाला, मग मीच थांबवून दाखवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो हजर, नाडी अगदी तालात. त्याने एक ग्रॅम क्विनाईन घेतलं होतं. आपली फडफड याने पंचवीस मिनिटांत थांबते, हे त्याने स्वतःच हेरलं होतं. वेंकेबाखने प्रामाणिकपणे १९१४ च्या पुस्तकात हे लिहून ठेवलं. बाकीच्या रोग्यांवर मात्र त्याला तसं यश क्वचितच आलं. १९१८ साली वॉल्टर फ्रे याने सिंकोनाच्या सालीतली वेगवेगळी द्रव्यं तपासून क्विनिडीन सगळ्यांत प्रभावी ठरवलं. पुढची कितीतरी वर्षं तेच औषध वापरलं गेलं, आणि नंतर कळलं की काही जणांत तेच औषध जीवघेणी बेतालता आणतं.

कृपा करून हे वाचून कुणी क्विनाईन घेऊ नका! ही गोष्ट सांगितली ती त्या व्यापाऱ्याच्या वागण्यासाठी. तो भ्यायला असेल-नसेल, पण त्याने आपल्या फडफडीला नोंदवहीतल्या व्यवहारासारखं वागवलं. कधी आली, काय केलं, किती वेळात गेली. त्याच्या डॉक्टरला जे माहीत नव्हतं ते त्याला या नोंदीमुळे माहीत होतं.

रोगी भितो हे ठीक आहे. डॉक्टर भ्याले तर काय होतं, याचं उदाहरण माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात जड पान आहे. १९६० नंतर, अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या नॉर्मन होल्टरच्या यंत्रामुळे, माणूस हिंडत-फिरत असताना त्याचा ईसीजी दिवसभर नोंदवता येऊ लागला. दिसलं असं, की हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांपैकी ज्यांना हे लवकरचे ठोके जास्त पडतात, ते पुढे जास्त दगावतात. मग सरळ विचार झाला: ठोके दाबा, माणसं वाचतील. औषधं होती, ठोके खरंच कमी व्हायचे, कागद स्वच्छ दिसायचा. हे तपासायला कास्ट नावाची मोठी चाचणी झाली. एनकेनाईड आणि फ्लेकेनाईड या दोन औषधांचा भाग मध्येच थांबवावा लागला. १९९१ साली छापलेले आकडे असे: औषध घेणाऱ्या ७५५ जणांत ६३ मृत्यू, नुसती साधी गोळी घेणाऱ्या ७४३ जणांत २६. ठोके कमी झाले होते आणि माणसंही. आज तुमचे डॉक्टर ठोके दाबायचं औषध द्यायला घाई करत नसतील, तर त्यामागे ही ६३ माणसं आहेत. ते तुमच्याकडे दुर्लक्ष करताहेत असं लगेच समजू नका.

मग करायचं काय? महाराष्ट्रात या प्रश्नावर काही काम झालंय, आणि ते लोणावळ्याच्या बाजूने येतं. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढलं ते आसनं-प्राणायाम यंत्रांनी मोजून पाहायच्या हट्टाने. पुढे मुंबईच्या केईएम इस्पितळातले हृदयतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी कैवल्यधामच्या विनेकरांसोबत रक्तदाबाच्या ४७ रोग्यांना शवासन शिकवलं आणि १९६९ साली परदेशी नियतकालिकात निष्कर्ष छापले: बऱ्याच जणांचा दाब उतरला, काहींच्या गोळ्या कमी करता आल्या. हे काम रक्तदाबावरचं आहे, बेताल ठोक्यांवरचं नाही, एवढी खबरदारी घेऊन वाचायला हवं. ठोक्यांच्या बाबतीत जवळचं काम २०१३ साली अमेरिकेतल्या कॅन्ससमधून आलं. एट्रियल फिब्रिलेशनचे झटके येणाऱ्या ४९ जणांना तीन महिने नुसतं पाहिलं, मग तीन महिने योगाभ्यास दिला. जाणवणारे झटके सरासरी ३.८ वरून २.१ वर आले, चिंतेची मोजणीही उतरली. वेगळा तुलनेचा गट नव्हता, माणसं थोडी होती. तरी मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण चिंता इथे झटक्यांइतकीच मोजण्यालायक धरली गेली.

आणखी एक गंमत याच वाटेवर सापडली. हृदय थांबवून दाखवतो म्हणणाऱ्या योग्यांची १९५७ साली वेंगर, बागची आणि आनंद या तिघा संशोधकांनी भारतात तपासणी केली. मनगटाची नाडी खरंच नाहीशी व्हायची, ठोक्यांचा आवाजही. ईसीजीवर मात्र हृदय चालूच होतं. श्वास कोंडून छाती-पोटावर जोर दिला की छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे येणारं रक्त अडतं, आणि नाडी मनगटापर्यंत पोचत नाही. कुंथण्याची हीच क्रिया, व्हाल्साल्व्हा या इटालियन शरीरशास्त्रज्ञाच्या नावाने, आज डॉक्टर शिकवतात. एका विशिष्ट प्रकारच्या झटक्यात, जिथे हृदय अचानक दीडशे-दोनशेच्या वेगाने पण तालात धावू लागतं, तिथे ती झटका मोडू शकते. २०१५ च्या एका ब्रिटिश चाचणीत कुंथून झाल्यावर लगेच आडवं करून पाय वर उचलले तर ४३ टक्के रोगी तालावर आले, नुसत्या कुंथण्याने १७ टक्के. पण हे त्याच प्रकारात चालतं. बाबांच्या ठोक्यांना त्याचा उपयोग नाही, आणि डॉक्टरने शिकवल्याशिवाय कुणीच घरी करून पाहू नये.

म्हणून पहिलं काम, कुठला प्रकार आहे ते कळणं. एट्रियल फिब्रिलेशन असेल तर वरच्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते. पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट होतो, आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांनी तो बराच कमी करता येतो. अशा माणसाला 'काही नाही' म्हणून घरी पाठवणं ही दिलासा देण्याची नाही, अन्यायाची गोष्ट आहे. आणि फडफडीबरोबर चक्कर येऊन शुद्ध हरपली, छातीत दाबल्यासारखं दुखलं, दम लागला, तोंड वाकडं झालं, तर माझा ब्लॉग बंद करा आणि १०८ ला फोन लावा.

आम्ही बाबांना नागपूरला नेलं. टूडी इको चांगला. थायरॉईड, पोटॅशियम ठीक. मग चोवीस तासांचं होल्टर लावलं. छातीवर चिकट्या, कमरेला डबी, आणि एक बटण: फडफड जाणवली की दाबायचं. त्या दिवसात एक हजाराहून जास्त लवकरचे ठोके निघाले, फिब्रिलेशन कुठेच नाही. डॉक्टरीणबाईंनी कागद आमच्यासमोर पसरला आणि विचारलं, काका, दुपारी बारा ते दोन तुम्ही कुठे होतात? बाबा म्हणाले, सीताबर्डीला, नातीसाठी स्वेटर घ्यायला, दुकानदार भाव सोडत नव्हता. बाई म्हणाल्या, सगळ्यात जास्त ठोके तेव्हाच पडलेत, आणि बटण एकदाही दाबलेलं नाही. बटण दाबलं होतं ते सगळं रात्री, डाव्या कुशीवर झोपलेले असताना, जेव्हा ठोके दुपारपेक्षा कितीतरी कमी होते.

बाबा त्या कागदाकडे बराच वेळ बघत राहिले. मास्तर माणूस, त्यांनी दोनदा मोजून पाहिलं.

मी त्यांना मॅकेन्झीची गोष्ट सांगितली, हापशीची सांगितली. शार्ङ्गधराचीही सांगितली, की तुमचे वैद्यबुवा खोटं बोलले नव्हते, त्यांच्याकडे फक्त बोटं होती, मानेतली शीर कागदावर काढायचं यंत्र नव्हतं. ती गोष्ट त्यांना सगळ्यात जास्त आवडली असं वाटलं. भीती एका दिवसात गेली नाही. पण आता रात्री उठले की ते नाडी धरत नाहीत. आईने जुनी हजेरीवही काढून दिलीये. तिच्यात वेळ लिहितात, काय खाल्लं होतं, कुठल्या कुशीवर होतो, किती वेळ चाललं. मग उजव्या कुशीवर वळून सावकाश श्वास सोडत पडतात. संध्याकाळचा चहा बंद केलाय, तो ठोक्यांसाठी गरजेचा होता की नाही देव जाणे, पण त्यांना स्वतः काहीतरी केल्यासारखं वाटतं. सकाळी बांधावरून चक्कर, सुरुवातीला पहिल्या बांधीपर्यंत, आता तलावाच्या पाळीपर्यंत.

काल फोन केला तेव्हा आई म्हणाली, वहीत आठ दिवसांपासून काही लिहिलं नाही. मी विचारलं, म्हणजे ठोके थांबले? ती म्हणाली, "थांबले कुठले! पडतेत तर सांगतेत ना मले. लिहायचा कंटाळा करतेत."